फिरायला कंबर आहे

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून वाण्याची यादी सोडून फार काही लिहिलेलं नाही. ही वही मला दवाखान्यात व्यायामाचे आकडे लिहायला दिली होती. मागची पानं कोरी राहिली, म्हणून लिहिते. कोणाच्या हाती लागली तर चुकांचा राग धरू नये.

नाशिकरोडच्या एका खानावळीत मी अकरा वर्षं पोळ्या लाटल्या. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कामगारांचे डबे तिथून जातात. पहाटे पाचपासून अकरापर्यंत जमिनीवर मांडी, पुढ्यात पोळपाट. आधी कंबर दुखायची, मग दुखणं उजव्या पायात उतरलं, मग पायाचा अंगठा बधिर झाला. मलम, शेक, गोळ्या, चोळणारी बाई, सगळं करून झालं. शेवटी एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, कमरेचा एक मणका पुढे सरकलाय, नस दबते आहे. स्क्रू टाकून दोन मणके जोडावे लागतील. पाठ मोठी उघडून केलं तर सरकारी योजनेच्या कार्डात बसेल. बोटाएवढ्या छेदांतून केलं तर माणूस लवकर उठतं, पण वरचे पैसे आपण भरायचे.

लवकर उठतं, एवढंच माझ्या कानात राहिलं. मला कामावर जायचं होतं.

वरचे साठ हजार थोरल्या जाऊबाईंनी दिले. त्या शेजारच्याच खोलीत राहतात. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली एफडी त्यांनी मोडली. "जूनच्या आधी परत पाहिजेत," एवढंच म्हणाल्या. माझे मालक रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "देऊ वहिनी." मी नुसती मान हलवली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सने मला उभं केलं, चौथ्या दिवशी घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, जमेल तेवढं चाला. पण तीन महिने वाकायचं नाही, वळायचं नाही, जड उचलायचं नाही. स्क्रू फक्त धरून ठेवतात, जोडायचं काम हाडाचं आणि हाड सावकाश जुळतं.

तिथेच सगळं बिनसलं. पडून राहिलं की मला राहवायचं नाही. नळाला पाणी आलेलं ऐकू यायचं, जाऊबाई आपलं भरून माझंही भरायच्या, माझी खोली झाडायच्या, आणि मी छताकडे बघत महिने मोजायची. उठून गल्लीत चालायला लागायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, परत. एकदा मी आठव्या फेरीला निघाले, तेव्हा जाऊबाई माझ्याच दारात फडकं पिळत होत्या.

"फिरायला कंबर हाय, वाकायला नाय," त्या नळावरच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

बाया हसल्या. एक म्हणाली, "टाके तरी दाखव की गं. बायाबायांत कसली लाज?"

दवाखान्यात तो पाठीमागून उघडा झगा मी मुठीत धरून चालत होते. गल्लीत काय दाखवणार? मी आत गेले. संध्याकाळी जाऊबाई आल्या, दार लावून म्हणाल्या, "दाखव." मी पाठ फिरवली, पोलकं वर केलं. चार बारीक खुणा. त्यांनी वाकून एकेक खूण बोटाने मोजली. मग म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी एफडी मोडली?"

मी पोलकं खाली ओढलं. दारामागच्या खिळ्याला एक्सरेची पिशवी लटकत होती, ती काढून दाखवावी हे सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी गेले आणि भरलेला हंडा उचलला. सगळ्यांसमोर. दोन पावलं टाकली आणि कमरेपासून टाचेपर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. मालकांनी रिक्षा काढली. मला धरून बसायला जाऊबाईंशिवाय कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी नवा एक्सरे उजेडाच्या पाटीवर लावला. माझ्या हाडांत चार लांब स्क्रू आणि दोन सळ्या, पांढऱ्याशुभ्र. जाऊबाई उठून जवळ गेल्या.

"जागेवर आहेत, नशीब. हंडा कोणी उचलायला लावला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच उचलला," मी म्हणाले. जाऊबाईंनी खाली बघितलं.

येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "लय मोठे हायत गं ते." द्वारका चौक गेल्यावर म्हणाल्या, "तरी पैसे जूनच्या आधी." मला बरं वाटलं. दया केली असती तर मी मान वर करू शकले नसते.

तीन महिन्यांनी कामाची परवानगी मिळाली, पण मांडी घालून नाही, उभ्याने. हे खानावळीच्या मालकीणबाईंना कोण सांगणार? मी दोन दिवस फाटकापर्यंत जाऊन परत आले. जाऊबाईंना म्हटलं, तुम्ही चला. "तुझं तू बोल," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आत गेले.

"उभ्यानं लाटीन. ओटा लागेल."

"अकरा वर्षं मांडी घातलीस, आता मॅडम झालीस होय?"

"पोळीमागे पैसे देता. कमी झाल्या तर कमी द्या." एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. कान तापले होते.

त्यांनी हातातली पळी ठेवली. "ओटा मी बांधणार नाही. कांद्याच्या गोण्या हलव आणि तिथे काय करायचं ते कर."

माझ्या मालकांनी येऊन गोण्या हलवल्या आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर जुनी कडप्प्याची फरशी टाकून दिली. पहिल्या आठवड्यात निम्म्याही पोळ्या होईनात. पाय सुजायचे, लाटणं हातात बसेना. शेजारची मांडी घालून भराभर लाटायची, तिची चळत वाढताना दिसायची आणि मला जून दिसायचा. होळीपर्यंत जुना आकडा गाठला. पगार झाला की त्याच दिवशी जाऊबाईंकडे. मालकही रिक्षातून उरेल ते त्यात घालायचे. एप्रिलमध्ये डबे कमी झाले, तेव्हा मी दुपारी एका घरी भाजी चिरायला जाऊ लागले, तेही उभ्याने. जाऊबाईंनी कधी मागितले नाहीत. फक्त पोरीचा फॉर्म भरून आणला त्या दिवशी माझ्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचला.

मेच्या शेवटच्या शनिवारी उरलेले सहा हजार घेऊन गेले. जाऊबाई उंबऱ्यावर बसल्या, अंगठा ओला करून दोनदा मोजले. एक नोट बाजूला काढली.

"ही फाटकी हाय. बदलून आण."

मी वाण्याकडे गेले, नोट बदलून आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. साठ हजार पूर्ण झाले.