सोनीबाईचं रडणं

सोनीबाई यवतमाळात आली ती भांडतच. पांढरकवड्याहून कापसाच्या ट्रकवर बसून येताना क्लीनरनं तिच्या ओढणीला हात घातला. तिनं त्याचा अंगठा दातांत धरला आणि नवऱ्यानं, खेमसिंगनं, गयावया केल्यावरच सोडला. उतरल्यावर क्लीनर रक्त झटकत शिव्या देत होता आणि ही मान वर करून जिनिंगच्या कारखान्याचं धुराडं पाहत होती. एवढं उंच कशाला बांधतात, असं तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आधी तोंड पूस.

छप्पन्न साल सरतानाची ही गोष्ट. राज्यांच्या सीमा नुकत्याच नव्यानं आखल्या होत्या. सोनीबाईचा तांडा पैनगंगेपल्याडचा. तो मुलूख निजामाचा होता तोवर मोगलाई, मग हैदराबाद, आता आंध्र. इकडचे लोक मात्र अजून मोगलाईच म्हणत, आणि मोगलाईतून आलेलं माणूस म्हणजे परमुलखातलं. तसं पाहिलं तर बैलगाडीची दोन दिवसांची वाट. पण परमुलूख काही वाटेच्या लांबीवर ठरत नाही, तिथं तुझी बोली कुणाला कळते का, यावर ठरतो. सोनीबाईला लमाणांची गोरबोली यायची, थोडं हिंदी, थोडं तेलुगू. मराठीचे चार शब्द यायचे, त्यातले तीन शिव्या होते, आणि ते तिनं त्या ट्रकवरच उचलले होते.

खेमसिंग आर्णीकडच्या तांड्याचा. त्याचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, हा मात्र कापसाच्या गठाणी पाठीवर घेऊन एकाच आवारात फिरत होता. जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्यानं एक खोली धरली होती. गल्लीत सगळे जिनिंगवरचेच मजूर. त्यांनी लमाणी बायका बाजारात पाहिल्या होत्या, शेजारी कधी पाहिल्या नव्हत्या. आरशाच्या भिंगांची कांचळी म्हणजे चोळी, फेट्या म्हणतात ते घेरदार घागरे, मनगटापासून दंडापर्यंत हाडाच्या जाड बांगड्या. पोरं मागं लागायची, बाप्ये टक लावायचे, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सोनीबाईला हसणं कळत होतं. ते कुठल्याही बोलीत कळतं.

गल्लीच्या विहिरीवर भागीरथाचं राज्य होतं. ही दारव्ह्याकडची विधवा बाई, चाळिशीची, हाडापेरानं दणकट, जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जायची. तिचा नंबर चुकवून कुणी पोहरा सोडायची छाती नव्हती. सोनीबाईनं पहिल्याच सकाळी सोडला.

"ए लमानीन, मांगं हो! कोन्या राज्याची रानी लागून गेली तू?"

सोनीबाईला शब्द कळले नाहीत, पण धक्का कळला. तिनं परत धक्का दिला. मग झटापट जुंपली आणि भागीरथानं तिच्या कानशिलावरची घुगरी धरून ओढली. चांदीची ती घुगरी मूठभर केसांसकट हातात आली. आता घुगरी म्हणजे नुसता दागिना नव्हे. नवरा जिवंत आहे याची ती खूण, आणि ती उपटणं म्हणजे नवऱ्याच्या मरणाची भाकणूकच. सोनीबाईनं भरलेली घागर उचलली आणि भागीरथाच्या कपाळावर घातली. रक्ताची धार लागली. भागीरथा पडली, पण पडता पडता तिनं हिची पोटरी पकडून चावा घेतला. दोघींना सोडवायला पाच बायका लागल्या आणि त्यातल्या दोघी स्वतः मार खाऊन घरी गेल्या.

त्या दिवशी सोनीबाई दार लावून बसली. तांड्यात दार लावून कुणी बसत नाही, लावायला दारच नसतं. तिला असलं जगणं नको होतं. आठवड्याच्या बाजारात मोगलाईतला एक बैलांचा व्यापारी भेटला, तेव्हा तिनं त्याच्याजवळ भावाला निरोप दिला: फुलसिंगला सांग, सोनी इथं मरून जाईल, ये आणि मला घेऊन जा. व्यापारी बरं म्हणाला आणि बैल हाकत निघून गेला.

निरोप गेला त्याच आठवड्यात भागीरथा दारात उभी. कपाळाला फडकं बांधलेलं. घुगरीचा अर्थ तिला कुणीतरी सांगितला होता. जिनं स्वतःचं कुंकू पुसलेलं असतं तिला तो अर्थ दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

"घे तुहं," ती म्हणाली. "मले का मालूम, ते कुकवासारखं हाय म्हून? मालूम असतं तर झिंज्या उपटल्या असत्या, हे नसतं उपटलं."

माफी मागायची तिची ही पद्धत. तिनं स्वतःच घुगरी सोनीबाईच्या केसांत गुंफली आणि जाताना दम दिला, की उद्या विहिरीवर माझ्या मागून ये. दुसऱ्या दिवशी सोनीबाई तिच्या मागून गेली. त्यानंतर विहिरीवर तिला धक्का मारायची कुणाची टाप नव्हती. मराठी ती भागीरथाकडून शिकली, त्यामुळं तिच्या मराठीत विनंती हा प्रकार कधी आलाच नाही. भागीरथानंच तिला वेचणीच्या कामाला लावलं. संक्रांतीला गल्लीतल्या बायकांनी तिच्या हातावर तीळगूळ ठेवला, आणि दगडापेक्षा वीट मऊ असं म्हणता म्हणता तिला ते शहर आवडायलाही लागलं. भावाला दिलेला निरोप ती विसरून गेली. निरोप मात्र आपल्या चालीनं चाललेला होता.

जिनिंगमध्ये देवीलाल नावाचा मुकादम होता. नव्या बाईला ढिगाआड बोलावायची त्याला सवय. त्यानं सोनीबाईला बोलावलं आणि मागून मिठी मारली. तिनं वळून बांगड्यांनी भरलेला हात त्याच्या तोंडावर आडवा हाणला. नाकाचं हाड मोडलं, पुढचे दोन दात पांढऱ्या कापसात पडले. सगळी वेचणी थांबून पाहत राहिली. देवीलाल तोंड धरून बोबडं ओरडला, "घरात माणसं पाठवतो तुह्या! कापून टाकतो!"

त्याच आठवड्यात पाळीवरून परतताना खेमसिंगला तिघांनी गाठलं. सायकलच्या साखळीनं त्याला असं झोडपलं की पाठीचं कातडं सदऱ्याला चिकटून आलं. एक बरगडी गेली. मारणारे गावातले नव्हते. डोक्याला पागोटी, हातात काठ्या, एवढंच त्यानं पाहिलं. जिनिंगच्या मालकानं कानांवर हात ठेवले आणि देवीलाल तसाच मिशीला पीळ देत फिरू लागला.

भागीरथानं गल्लीतल्या लोकांना जमवलं. "आज खेमसिंगाले मारलं, उद्या सोनीले मारतीन. खेमसिंग पाळीवर असला का ते एकटीच राह्यते. आता आयका. तिच्या घरात परका मानूस दिसला आन् तिचा आवाज आला, तर कोनी पुसत बसू नका. झोडपा. पुसायचं ते मंग पुसू."

सगळ्यांनी मान डोलावली. कुणाच्या मनात खोट नव्हती, हे सांगायलाच हवं. ज्या गल्लीनं तिला विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, ती आता तिच्यासाठी डोकी फोडायला तयार झाली होती. सोनीबाई त्या दिवशी सुखानं जेवली.

तुरी निघाल्यावर एका दुपारी फुलसिंग आला. पैनगंगा ओलांडून, पांढरकवड्याला मुक्काम करून, विचारत विचारत. डोक्याला पागोटं, हातात काठी, अंगानं उंच. खेमसिंग बरगडी बांधून पुन्हा पाळीवर गेलेला. सोनीबाई दारात तूर पाखडत होती. तिनं भावाला पाहिलं, सूप फेकलं, आणि त्याला आत ओढून त्याच्या गळ्यात पडली.

गोरमाटीत, म्हणजे लमाणांत, फार दिवसांनी जिवाचं माणूस भेटलं की बाई त्याच्या गळ्यात पडून रडते. हुंदके देऊन गप्प होणारं रडणं नव्हे. मोठ्यानं, सूर लावून, ओळी जुळवून, सोसलेलं सगळं एकेक सांगत. त्याला ढावलो म्हणतात. जितकी माया तितका आवाज. आवाज कमी निघाला तर भाऊ म्हणेल, बहीण परकी झाली. आणि बाप्यानं त्या वेळी काही बोलायचं नसतं. पागोट्याचा शेव डोळ्यांवर ओढून, मान खाली घालून उभं राहायचं असतं.

सोनीबाईनं गळा सोडला. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. विहीर सांगितली, घुगरी सांगितली, नवऱ्याची सोललेली पाठ सांगितली. आणि ज्यानं हे केलं त्याचं नाव तिनं पुन्हा पुन्हा सुरात घेतलं, देवीलाल, देवीलाल. गल्लीनं असलं रडणं जन्मात ऐकलं नव्हतं. गल्लीला तिच्या किंकाळ्या ऐकू आल्या, देवीलालचं नाव ऐकू आलं, आणि उघड्या दारातून तोंड झाकलेला, काठीवाला, पागोटेवाला परका माणूस दिसला, ज्याच्या अंगाला ती लोंबकळत होती.

भागीरथा मुसळ घेऊन सगळ्यांत पुढं होती. पहिला घाव तिचा. फुलसिंगच्या पागोट्याच्या मागं, मानेच्या वर तो बसला आणि तो गुडघ्यांवर आला. मग बाकीचे तुटून पडले. काठ्या, वरवंटा, जोखडाची शिवळ, हाताला लागेल ते. त्याला ओढत अंगणात आणलं. सोनीबाई ओरडत होती, पण त्या भीतीत तिचं मराठी पार पळून गेलं होतं, ती गोरबोलीत ओरडत होती, आणि ती जेवढी ओरडत होती तेवढे घाव जोरात पडत होते. फुलसिंगनं हातसुद्धा वर केला नाही. त्याला वाटलं असेल, बहिणीच्या गल्लीतली माणसं आहेत, कुठंतरी चुकलं असेल आपलं. तोंडावर टाचा पडत होत्या तरी तो उठून बसायला पाहत होता.

शेवटी सोनीबाईनं त्याच्यावर अंग टाकलं. वर उचललेली काठी तिच्या दंडावर बसली, हाडाच्या बांगड्यांचा चुरा झाला आणि त्या कपऱ्या मांसात घुसल्या. त्या कळेनं तिचं मराठी परत आलं.

"भाऊ हाय! माहा भाऊ हाय थो!"

काठ्या थांबल्या. रागाला डोळे नसतात असं आपण म्हणतो, पण तो उतरल्यावर डोळे परत येतात आणि तेव्हा जे दिसतं ते भयंकर असतं. एकानं काठी टाकून भिंतीला डोकं आपटलं. चोर मोकळा फिरत होता आणि संन्याशाला फाशी देऊन झाली होती. भागीरथानं मुसळाकडं पाहिलं. त्याला केस चिकटले होते.

ज्यांनी मारला त्यांनीच त्याला खाटेवर घालून पळत सरकारी दवाखान्यात नेला. खेमसिंगनं आर्णीच्या तांड्यातून एकाला मोगलाईत पिटाळलं. बाप रूपसिंग आणि फुलसिंगची बायको तुळसाबाई पोचली तेव्हा फुलसिंगचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्यानं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दवाखान्याच्या आवारात सोनीबाई हात पसरून भावजयीकडं गेली. बाई बाईच्या गळ्यात पडते, मेलेल्याचं नाव घेऊन दोघी रडतात, तशीच रीत. तुळसाबाईनं दोन्ही हातांनी तिला छातीवर ढकललं. ती मागं धुळीत पडली.

"निरोप तूच धाडला," तुळसाबाई आपल्या बोलीत म्हणाली. "तुझ्या गळ्यानं माझा माणूस खाल्ला. तो गळा माझ्याजवळ आणू नको."

सोनीबाईनं बापाकडं पाहिलं. रूपसिंगनं तोंड फिरवलं. "तू इथलीच झालीस," तो म्हणाला. "इथंच राहा." खेमसिंगनं सासऱ्याचे पाय धरले, त्यानं ते सोडवून घेतले. प्रेत ट्रकवर चढवलं. सोनीबाई फाटकापर्यंत ट्रकमागं धावली, मागच्या फळीला लटकली, तेव्हा तुळसाबाईनं तिची बोटं ठेचून सोडवली. ट्रक पांढरकवड्याच्या रस्त्याला लागला. खेमसिंग मागच्या ट्रकनं गेला, मेहुण्याला खांदा तरी द्यावा म्हणून.

ती फाटकाशीच बसून राहिली. रडणं छातीत येऊन अडकलं होतं. गोरमाटी बाईला एकटीनं रडता येत नाही, समोर गळा लागतो. सख्खा भाऊ गेला आणि त्या अख्ख्या शहरात तिला रडायला गळा नव्हता. आपण आता या कडेचेही नाही आणि त्या कडेचेही नाही, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं.

तेवढ्यात भागीरथा आली. ती ठाण्यात निघाली होती, आपलं नाव सांगायला.

"पह्यला घाव माहा होता," ती म्हणाली. "थोच लागला त्याले, डाक्तर म्हने. मी ठाण्यात जातो. तुले मारायचं असन तर आताच मारून घे, मंग मी भेटत नाई."

सोनीबाई उठली आणि तिनं मारलं. उरलेल्या बांगड्यांचा हात तिनं भागीरथाच्या तोंडावर हाणला, ओठ फाटला. पुन्हा हाणला, दात निखळला. भागीरथानं आयुष्यात कुणाचा मार उसना ठेवला नव्हता, पण आज तिनं हात खालीच ठेवले. तिसऱ्यांदा सोनीबाईचा हात उठला आणि तो खाली येताना भागीरथाच्या गळ्यात पडला. मग तिच्या तोंडून सूर फुटला. फुलसिंगचं नाव घेऊन, तो लहानपणी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचा ते सांगत, त्याला मारणाऱ्यांना शाप देत, ती त्या मारणारीच्याच गळ्यात पडून रडू लागली. भागीरथाला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण शाप आपल्यालाच आहेत हे तिला कळत होतं. तिनं सोनीबाईची पाठ घट्ट धरली.

आवाज ऐकून दवाखान्यातली माणसं धावली. दोन बायका, एकीचं तोंड रक्तानं भरलेलं, दुसरी किंचाळतेय. चौकीदार काठी उगारून त्यांना सोडवायला आला.

"दूर हो," भागीरथा रक्त थुंकून त्याच्यावर खेकसली. "भाऊ मेला तिचा. रडू दे तिले."

चौकीदारानं काठी खाली घेतली आणि सोनीबाईचं रडणं सरेपर्यंत भागीरथा तिथंच उभी राहिली.