आबांच्या सेटवरच्या दहा जागा

आबांना रेडिओ सेटवरचे आकडे नीट दिसेनासे झाले, तेव्हा त्यांची सोय करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेतून निवृत्त झाले, दौंडला राहतात आणि कित्येक वर्षं हौशी रेडिओवर माईक धरून लांबलांबच्या माणसांशी गप्पा मारतात. त्याचं लायसन्स माझ्याकडंही आहे, पण मी बोलण्यापेक्षा बटणांतच जास्त रमतो.

एका रविवारी शिरूरहून गेलो आणि त्यांचे मित्र ज्या आकड्यांवर भेटतात त्या नेहमीच्या दहा जागा सेटच्या मेमरीत भरून दिल्या. "आता शोधायचं नाही आबा. चाक फिरवलं की थेट माणूस." कारेगावच्या कंपनीत नव्या ऑपरेटरला मशीन समजावतो, त्याच थाटात.

"बरं," आबा म्हणाले. ते नुसतं 'बरं' म्हणाले की त्यांना पटलेलं नसतं, हे पन्नाशी उलटली तरी माझ्या लक्षात येत नाही.

महिनाभरानं आईचा फोन. "ह्यांनी सेट विकायला काढलाय. तू ये आन् बघ."

गेलो. आबा ओट्यावर बसलेले. "संपली रे सगळी," म्हणाले. "चाक फिरवतोय, फिरवतोय, एखादा बोलतोय, बाकी गार. आमच्या वयाची माणसं, गेली असतील. मी तरी कुणासाठी बसू?"

मी आत जाऊन चाक फिरवलं. दहा जागा झाल्या आणि पुन्हा पहिली आली. मेमरी चालू असल्यामुळं चाक बँडवरून, म्हणजे आकड्यांच्या सलग पट्ट्यावरून, सरकतच नव्हतं, मी भरलेल्या जागांवर नुसत्या उड्या मारत होतं. मधली सगळी माणसं, जरा इकडंतिकडं सरकलेले मित्रसुद्धा, मी सोय म्हणून घराबाहेर उभी केली होती.

एक बटण दाबून मेमरी बंद केली, चाळीस मीटरचा बँड लावला आणि चाक हळूहळू सरकवलं. खरखरीतून एक आवाज वर आला, मग दुसरा, मग कुणाचं तरी खळखळून हसणं.

आबा दारात येऊन उभे. "ह्यो कोण?"

"माहीत नाही."

"मग इचारायला नको व्हय? ऊठ."

मी खुर्ची सोडली. आबांनी माईक उचलला. आई म्हणाली, "विकायचा होता ना?"

"थांब की, माणूस बोलतंय."

पलीकडच्या माणसानं उत्तर दिलं. मला राहवेना. "आबा, ह्याची जागा मेमरीत भरून ठेवू?"

"नगं. उद्या घावंल. न्हाई तर दुसरा कुणी."

आईनं माझं ताट वाढलं आणि आबांचं झाकून ठेवलं.