आप्पांची सुरत

अमळनेरच्या स्टेशनावर आईने मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. "सुरतला नाही उतरायचं. त्याच्या आधी उधना येतं. तिथं आप्पा उभे राहतील." आईने स्वतः उधना कधी पाहिलं नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, मी तीन वर्षांची असल्यापासून सुरतच्या पांडेसऱ्यात एका रंगाईच्या मिलमध्ये (कापड रंगवण्याच्या गिरणीत) कामाला होते. दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी यायचे, आठ दिवस राहायचे आणि जायचे. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी तेवढे अवेळी आले होते, आणि बातम्या थंडावल्याबरोबर परतले होते. त्यांची सुरत आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती.

प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला होता. केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळाला होता. एम.एस्सी. करायचं आणि कॉलेजात शिकवायचं, हे मी दुसऱ्या वर्षापासून ठरवून ठेवलं होतं. पुण्याचा अर्जही आणला होता. तेवढ्यात आप्पांचं पत्र आलं, नेहमीप्रमाणे दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. 'मिलच्या लॅबमध्ये शिकलेली मुलगी पाहिजे. मी बोललो आहे. ताबडतोब ये.' आप्पांनी आयुष्यात मला पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पत्रातून नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून समोरासमोर नाही म्हणायला मी निघाले होते.

पॅसेंजर एकेरी रुळावरून चालली होती. समोरची गाडी येईपर्यंत मध्येच कुठेतरी थांबायची. नंदुरबारला डबा भरून गेला. सगळे आमच्याच बाजूचे, गाठोडी आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन कामावर परतणारे. पुढे नवापूरला एका बाईने खिडकीतून पानाच्या द्रोणात जांभळं दिली. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, असं माझ्या शेजारचा माणूस सांगत होता. "त्या बाकावर बसलं ना, की एक मांडी इकडं, एक तिकडं." मी वाकून पाहिलं. बाकावर एक म्हातारा दोन्ही राज्यांत पाय पसरून शांत झोपला होता.

नंतर सागाचं रान, सोनगड, व्यारा, बारडोलीची उसाची शेतं. मी मनात वाक्य घोटत होते. 'आप्पा, मला अजून शिकायचंय.' एवढंच होतं, पण दर वेळी ते वेगळं आणि उर्मट वाटायचं.

या घोटण्यात व्हायचं तेच झालं. उधना आलं तेव्हा मी पिशवी घेऊन उजव्या दाराशी उभी होते आणि फलाट आला डाव्या बाजूला. मधल्या गर्दीतून वाट काढेपर्यंत गाडी हलली. दाराच्या फटीतून मला फलाटावर पांढरा सदरा घातलेले आप्पा दिसले. ते डब्यांच्या खिडक्या एकामागून एक बघत होते. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

सुरतच्या स्टेशनात उतरले तेव्हा मला रडू येत होतं. एका गुजराती आजींनी माझा चेहरा पाहून विचारलं, "शुं थयुं, बेन?" (काय झालं, बाई?) मी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी माझा हात धरून बाहेर आणलं आणि रिक्षावाल्याला गुजरातीत दटावून दिशा सांगितली. रिक्षावाला निघाला शिंदखेड्याचा. माझं मराठी ऐकून तो म्हणाला, "ताई, घाबरू नको. या गावात दर तिसरं माणूस आपलंच सापडेल."

उधन्याच्या फलाटावर आता गर्दी नव्हती. आप्पा होते तिथेच उभे होते. शेजारी बाक रिकामा होता, तरी बसले नव्हते.

"उनी का, बेटा?" (आलीस का?) ते म्हणाले.

आम्ही घरी अहिराणीच बोलतो. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी इथे बहुतेक बोलणं मराठीतच देते आहे.

"आप्पा, तुम्ही सुरतला यायचं ना मागून. तासभर उभे राहिलात."

"मी इथून हललो असतो, तर तू मला शोधलं कुठं असतंस?"

पांडेसऱ्यात शिरताना आधी वास आला. उकळत्या पाण्याचा, रंगाचा, कोळशाच्या धुराचा. खाडीवरच्या पुलावरून खाली पाहिलं तर पाणी जांभळट वाहत होतं. "सकाळी हिरवं होतं," आप्पा म्हणाले, जसं घरी ते पावसाबद्दल सांगतात तसं.

त्यांची खोली एका लांबलचक चाळीत होती. चार जण मिळून राहत. दोघे दिवसपाळीला, दोघे रातपाळीला, म्हणजे दोन गाद्या चौघांना पुरत. मी येणार म्हणून बाकीचे तिघे दुसरीकडे गेले होते. माझी झोपायची सोय शेजारच्या सुमनकाकूंकडे होती. त्या अकोल्याकडच्या, त्यांचे यजमान मागावर (यंत्रमागावर) काम करायचे. पाणी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "तुहा बाप कोणाशी दोन शब्द बोलत नाही, पोरी. पन तुहा रिझल्ट लागला तं साऱ्या लाइनीत पेढे वाटले त्यानं."

आप्पा खाली मान घालून स्टोव्हला पंप मारत होते.

मग मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आप्पांनी परातीत कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ घेतलं, मळलं आणि हातावर भाकरी थापली. गोल, पातळ, कडेला कुठेही न चिरलेली. घरी त्यांना मी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेताना पाहिलं नव्हतं. आई वाढायची, ते जेवायचे. अठरा वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस स्वतःची भाकरी थापत होता, आणि आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली, वर लसणाची चटणी आणि तेल. "खाई ले," म्हणाले. त्यांच्या नखांच्या कडांना निळा रंग मुरलेला होता. मी घोटून ठेवलेलं वाक्य त्या भाकरीबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल. आतला उकाडा एवढा की चष्म्यावर वाफ धरली. लॅब मात्र छोटी आणि स्वच्छ होती. तिथल्या प्रमुख देसाईबेन. केस पांढरे, बोलणं थोडं. त्यांनी माझी मार्कशीट बघितली आणि विचारलं, "नोकरी तारे करवी छे, के तारा बापुजीने कराववी छे?" (नोकरी तुला करायची आहे, की तुझ्या वडिलांना करवून घ्यायची आहे?)

त्यांनी वाट पाहिली, मग एक डाळिंबी कापडाचा तुकडा पुढे ठेवला. "आ शेड बनाव." (ही छटा तयार कर.)

मी तांबड्याचं, पिवळ्याचं, निळ्याचं प्रमाण काढलं, वजनं केली, छोट्या भांड्यात तुकडा रंगवला. कॉलेजात शिकलेलं सगळं नीट वापरलं. वाळल्यावर दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. जवळपास तेच, पण तेच नाही. कुठे चुकलं ते मला दिसेना.

"आप्पामास्तरने बोलावो," देसाईबेन म्हणाल्या. आप्पांना बोलवा. मास्तर? घरी आम्ही आप्पांना मिलमधले कामगार म्हणूनच ओळखत होतो.

आप्पा ओल्या पायांनी आले आणि दारातच थांबले. देसाईबेननी तुकडे दिले. ते दिव्याखाली न बघता उत्तरेच्या खिडकीपाशी गेले, तुकडे उलटसुलट केले, एकदा डोळे बारीक केले.

"पिवया जास्त व्हई गया," म्हणाले. पिवळा जास्त झाला. "अर्ध्या वालाएवढा (वाल म्हणजे सोनाराचं बारीक वजन) कमी कर. निळ्याला हात लावू नको."

मी पुन्हा केलं. या वेळी दोन तुकडे एकमेकांत मिसळून गेले. देसाईबेननी मला पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं. बाहेर पडताना आप्पा एका कामगाराला सांगत होते, "मनी आंडेर शे. केमिस्ट्री शिकेल शे." (माझी मुलगी आहे. केमिस्ट्री शिकलेली आहे.) एवढं एक वाक्य, पण त्या दुपारी त्यांनी ते निदान पाच जणांना सांगितलं.

खोलीवर आल्यावर त्यांनी पेटीच्या तळातून एक जाडी वही काढली. पानापानावर कापडाचे बोटभर तुकडे खळीने चिकटवलेले. मोरपिशी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, किती तरी. प्रत्येकाखाली पेन्सिलीच्या खुणा. ठिपका म्हणजे पिवळा, उभी रेघ म्हणजे तांबडा, फुली म्हणजे निळा. आप्पांची शाळा चौथीत सुटली होती, लिहिताना हात अडायचा. म्हणून त्यांनी स्वतःची लिपी केली होती.

"मला कलरमास्तर व्हायचं होतं," ते म्हणाले. "सगळे मास्तर म्हणतात, पण तो मान नुसता बोलण्यातला. कागदावर रंगाची रेसिपी लिहिता आली पाहिजे, साहेबासमोर मांडता आली पाहिजे. मला जमलं नाही. तू लॅबमध्ये बसलीस, तर हे सगळं कुणीतरी नीट लिहील."

ते तक्रार करत नव्हते. पण पत्र पाठवायला इतकी घाई का झाली, ते मला तेव्हा कळलं. वही मांडीवर तशीच होती आणि मी बोलून टाकलं. "आप्पा, मला पुण्याला जायचंय. एम.एस्सी.ला. मी नाही सांगायलाच आले होते."

त्यांनी वहीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "त्यात काय शिकवतात?"

"रंग धाग्याला का धरतो, का उडतो. असलं सगळं."

"हां," म्हणाले आणि वही पेटीत ठेवून दिली.

पुढचा दिवस रविवारचा, मिलची सुट्टी. आप्पा म्हणाले, चल, तुला तापी दाखवतो. पण तापीकाठच्या चौकाची बस म्हणून आम्ही चढलो ती निघाली भलतीकडच्या पर्वत पाटियाची. आप्पांना गुजराती पाट्या वाचता येत नव्हत्या. इतकी वर्षं ते बसचा रंग आणि कंडक्टरचा चेहरा बघून चढायचे, आणि त्या दिवशी कंडक्टर नवा होता. परत येताना मी पाट्या अक्षर लावून वाचायला घेतल्या. आपल्यासारखीच अक्षरं, फक्त डोक्यावर रेघ नाही. मी अक्षर सांगायची, आप्पा ठिकाण ओळखायचे. असं करत योग्य बस मिळाली. मला वाटतं, आम्ही दोघं मिळून आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी करत होतो.

चौकात गरम लोचो खाल्ला. हा डाळीचा पदार्थ खमणाच्या जातीचा, पण अंगाने सैल, वरून तेल आणि शेव. आप्पांनी तो अठरा वर्षांत दोनदाच खाल्ला होता. तापीला पाणी कमी होतं. काठावरच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो.

"मी विचार केला," आप्पा म्हणाले. "आठे (इथं) नको राहू. इथला वास केसांत बसतो. काल तुला त्या वाफेत उभं पाहिलं आणि माझंच मला वाईट वाटलं. तू पुण्याला जा."

मला ही परवानगी हवी होती. ती मिळाल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. पण मला दिसत होती ती उत्तरेची खिडकी आणि ते बारीक झालेले डोळे. तीन वर्षं मी रंगांबद्दल वाचलं होतं, आणि पिवळा जास्त झालेला मला दिसला नव्हता.

"मी एक वर्ष राहते," मी म्हणाले.

"माझ्यासाठी नको."

"तुमच्यासाठी नाही. तुम्हाला जे दिसतं ते मला दिसत नाही. ते शिकते. वहीही लिहून काढू. मग जाते पुण्याला."

"वर्षाची दोन वर्षं होतात. माझं काय झालं? एका हंगामासाठी आलो होतो."

"मग तुम्ही मला हाकला," मी म्हणाले. "वर्ष झालं की गाडीत बसवून द्या."

आप्पा हसले नाहीत. नदीकडे बघत म्हणाले, "हाकलीन. खरंच हाकलीन." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आधी कधी ठेवला होता ते मला आठवत नव्हतं.

ते शब्दाला जागले. पुढच्या जूनमध्ये माझी बॅग त्यांनीच भरली, आणि मी एम.एस्सी.ला गेले. पण ते नंतरचं.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी सामान आणायला घरी परत निघाले. येताना मी या वाटेने एक नकार घेऊन आले होते. आता खिडकीशी बसून विचार करताना वाटलं, मी आयुष्याचा बेत अगदी रेखीव आखला होता आणि त्यात आप्पांना एक अडचण म्हणून धरलं होतं. त्यांनाही काही व्हायचं होतं, ही शक्यता माझ्या मनात कधी आलीच नव्हती. एम.एस्सी.चा विचार मी सोडला नव्हता. फक्त ती कशासाठी करायची, याचं माझं उत्तर बदललं होतं.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात धान्य निवडत होती. मी सगळं सांगितलं, नोकरीचं, देसाईबेनचं, वहीचं. ती निवडता निवडता ऐकत राहिली. मग विचारलं, "राहतात कसे?" मी सांगितलं, दोन गाद्या, चार माणसं, एक खिडकी. भाकरीचंही सांगितलं. आईचे हात थांबले.

"हातावर थापतात?" तिने विचारलं.

"हो. छान जमते."

ती सूप खाली ठेवून आत गेली. बऱ्याच वेळाने दाराशी आली, पदराला हात पुसत.

"तठे पानी गोड शे का?"

"गोड आहे," मी म्हणाले.

"मंग मी बी येस," आई म्हणाली. मग मीही येते. आणि माळ्यावरची पेटी काढायला तिने स्टूल ओढलं.