दिवाळखोरीआधीची खरेदी

उल्काताईंनी वीस वर्षांत क्रेडिट कार्डाचं एकही बिल उशिरा भरलं नव्हतं. परदेशात, वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात त्या सॉफ्टवेअर टेस्टिंग करायच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचाच पगार घ्यायच्या. मामेभाऊ प्रतापच्या बाबतीत मात्र त्यांची नजर चुकली.

प्रतापने त्याच शहरात बिशान भागात मराठी जेवणाचं किचन काढलं, तेव्हा ओव्हन आणि फ्रीझर उल्काताईंच्या दोन कार्डांवर आले. "हप्ते मी भरणार, ताई. तू फक्त कार्ड दे," तो म्हणाला होता. चार महिने त्याने भरले. मग किचन बंद पडलं, तो फोन उचलेनासा झाला, आणि त्याच सुमाराला ताईंची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती कमी पगाराची. दोन्ही कार्डांवरचं व्याज फुगत राहिलं.

एका शनिवारी सकाळी त्याने स्वतःहून त्यांना हौगांग भागातल्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, बोलावलं.

"मी दिवाळखोरीचा अर्ज करतोय, ताई. तूही करून टाक. पण त्याआधी राहिलेलं कार्ड रिकामं कर. फोन घे, बालीला जाऊन ये. नंतर कोण विचारतंय?"

त्याच्या मनगटावर नवंकोरं घड्याळ होतं.

"हे तसंच घेतलंस?"

"मागच्या आठवड्यात. नीलिमालाही बांगड्या केल्या." बायकोचं नाव घेऊन तो हसला. घरी गेल्यावर त्याने बांगड्यांच्या दुकानाचा पत्ताही मेसेजवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'अर्जाआधीच घे हं.'

खोटं कशाला सांगायचं, दोन दिवस उल्काताईंच्या मनात ते घोळत राहिलं. तिसऱ्या कार्डावर अजून मर्यादा शिल्लक होती. सगळे लुटतात, तर आपणच का मूर्ख ठरायचं? तिसऱ्या दिवशी मात्र त्या कर्जाचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेत गेल्या. तिथल्या वयस्कर चिनी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "फेडता येणार नाही हे ठाऊक असताना कार्ड वापरलंत, तर तो गुन्हा ठरू शकतो. अर्जाआधीची मोठी खरेदी तपासली जाते."

"माझीच, की सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

उल्काताईंनी त्यांच्याकडे पेन मागितलं आणि सगळं लिहून घेतलं.

तिसरं कार्ड त्यांनी बंद केलं. संस्थेच्या मदतीने बँकांकडून झेपतील असे हप्ते बांधून घेतले, भाड्याचा फ्लॅट सोडून एका खोलीत राहायला गेल्या आणि दिवाळखोरी टाळली. ऑफिसात चुका नोंदवायच्या त्याच सवयीने त्यांनी प्रतापचे मेसेज आणि नीलिमाने सोशल मीडियावर टाकलेले बांगड्यांचे फोटो तारखांसकट जमवले. प्रताप दिवाळखोर जाहीर झाला, तेव्हा घेणेकरी म्हणून त्यांनी आपला दावा लावला आणि हे सगळं त्याच्या मालमत्तेची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं.

महिन्याभरात नीलिमाचा रडत फोन आला. "ताई, बांगड्यासुद्धा मागतायत हो! दर वर्षी भाऊबीजेला ओवाळता ना तुम्ही त्यांना?"

"ओवाळते ना. त्याने ओवाळणीत मला ओव्हन घातलाय. अजून हप्ते भरतेय मी."

पुण्याहून आई म्हणाली, "अगं, माझ्या भावाचा मुलगा आहे तो. तक्रार मागे घे."

"नाही घेणार."

घड्याळ आणि बांगड्या विकल्या गेल्या. सगळ्या घेणेकऱ्यांत वाटणी होऊन उल्काताईंच्या हाती आलं, त्यात त्यांचा एक हप्तासुद्धा भागला नाही. प्रतापची दिवाळखोरीतून सुटका मात्र लांबली. परवानगीशिवाय त्याला देश सोडता येईना. कोल्हापूरला त्याच्या मेव्हणीच्या लग्नाला नीलिमा एकटीच गेली. हे कळलं, त्या दुपारी ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. पुढे कधीतरी आपल्याला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. ते काही वाटलं नाही.

परवा संध्याकाळी एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, प्रताप दिसला. त्याने झटकन फोनमध्ये डोकं घातलं. उल्काताई गर्दीतून वाट काढत त्याच्या समोरच्या सीटवर जाऊन बसल्या, आणि त्यांचं स्टेशन येऊन गेलं तरी उठल्या नाहीत.