छपराची दोन चुंबकं

मला चिमुकल्या वस्तू करायचा नाद आहे. लातूरला घरी बसून मी पुठ्ठ्याची वीतभर घरं करते, आत भांडीकुंडी मांडते. छप्पर काढता आलं पाहिजे, नाहीतर आतलं कोण बघणार? त्यासाठी भिंतींच्या आणि छपराच्या कोपऱ्यांत समोरासमोर मसुरीएवढी चुंबकं चिकटवायची. एक जरी उलट्या तोंडानं बसलं, तरी छप्पर बसायचं सोडून वर उडतं.

त्या वर्षी अर्धापूरला भावाकडे महालक्ष्म्यांपुढे मांडायला असंच घर नेलं. निघायच्या घाईत दोन चुंबकं उलटी बसली. ती उपटून पुन्हा चिकटवली, आणि गम वाळायच्या आत घर पिशवीत घातलं. माझ्या कामाचा मला भारी तोरा. आलेल्या प्रत्येक बाईला छप्पर काढून दाखवलं. भावाची चार वर्षांची लेक माझ्या मांडीलाच चिकटून होती.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. पंगत बसली होती, आणि मला छप्पर कललेलं दिसलं. छपराच्या एका बाजूची दोन्ही चुंबकं गायब. भाचीला विचारलं, तर तिनं पोटावर हात ठेवला आणि हसली.

"किती गिळले?" माझ्या आईनं विचारलं.

दोन. मला ठाऊक होतं. पण सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. चूक तेवढीच अर्धी होईल असं वाटून मी म्हणाले, "एक."

"मंग घाबरायलीस कशाला? केळं चार तिला. रुपाया गिळला तरी केळ्यासंगं पडून जातो."

अर्धापुरात केळ्यांना काय तोटा? आमच्याकडची सगळी लेकरं याच औषधावर वाढली. मी माझ्या हातानं तिला तीन केळी भरवली.

सकाळी ती दोनदा ओकली. पोट धरून पडून राहिली. "महालक्ष्म्या बोळवल्यावर बघू, आज घर सोडायचं न्हाई," आई म्हणाली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पर्समध्ये तसलीच दोन चुंबकं होती. अंगठ्याजवळच्या कातडीला मी ती दोन्हीकडून लावली. कातडी चिमटली, पांढरी पडली. नखं घालून सोडवावी लागली. आतड्याला नखं कुठून असणार? मी भावाला गाडी काढायला लावली.

नांदेडला डॉक्टरांनी फोटो काढला. त्यात एकच ठिपका होता.

"एक असेल तर वाट पाहू. दोन असतील तर आत्ता पोट उघडावं लागेल. एकमेकांना चिकटली की फोटोत एकच दिसतं. नक्की किती?"

"एकच हाय साहेब," भाऊ ठामपणे म्हणाला. "अक्कानं मोजलेत."

लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही मी देवीला विनवत होते की त्याचंच खरं होऊ दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. भाची बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती.

"दोन," मी म्हणाले. "कालपासून ठाऊक आहे मला."

भावानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाखवलं तिथं सही केली. आतड्याचे दोन वेढे मधे चिमटले होते. आणखी एक दिवस गेला असता तर भोक पडलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

पोरगी वाचली. आता शाळेत जाते. भाऊ कधी एका शब्दानं बोलला नाही. सणाला बोलावतो, साडी नेसवतो. परवा त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "अक्का, पोरगी जेवली का?"

"जेवली," मी म्हणाले.

"बरं," म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं बायकोला तेच विचारलं.