धाकट्या जावेचा डबा

काजूच्या टरफलांचा भाजका वास आला की अजूनही मन वेंगुर्ल्यात जातं. नव्वद साल यायला तेव्हा दोनेक वर्षं होती. मी कुडाळला नोकरीला होतो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. कॉम्प्युटर बघायला माणसं चपला काढून आत यायची. अशा दिवसांत वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यातला वजनकाटा मी कॉम्प्युटरला जोडला, दोघांची बोलणी करून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरही, स्वतःच लिहिला. काय तो थाट माझा!

बायका सोललेल्या गरांचा डबा काट्यावर ठेवायच्या, कारकून त्या त्या बाईचा नंबर दाबायचा. मग काटा कॉम्प्युटरला हाक मारी. तिला आम्ही इंटरप्ट म्हणायचो. हाक आली की कॉम्प्युटरने हातातलं टाकून धावायचं.

पंधरा दिवसांत निरोप आला. एका बाईचे गर रोज कमी भरत होते. पदरात बांधून नेते म्हणून तिला घरी बसवलं होतं. माझ्या कामात चूक निघेल असं मला वाटलंच नाही, तरी गेलो.

तिची थोरली जाऊ तिथेच कामाला होती. धाकटी तिच्याआधी कधी डबा ठेवायची नाही. थोरलीची कंबर धरलेली, म्हणून धाकटी तिचा डबा एका हाताने उतरवायची आणि दुसऱ्या हाताने लगोलग आपला ठेवायची. बाकीच्या गप्पा मारत सावकाश यायच्या. थोरलीने मला ते करून दाखवलं आणि मी माझा प्रोग्राम उघडला.

वजन घेणं, बेरीज, फ्लॉपीवर लिहिणं, सगळं मी त्या एका हाकेत कोंबलं होतं. ते संपेपर्यंत कॉम्प्युटरचे कान बंद, दुसरी हाक, म्हणजे धाकटीचा डबा, वाया. खरं तर हाक आली की वजन तेवढं टिपून रांगेत ठेवायचं, लिहायचं ते मागाहून सवडीने. पाहुणा दारात आला की आपण आधी पाणी देतो, चूल नंतर पेटवतो. एवढं मला सुचू नये!

दुपारपर्यंत दुरुस्ती केली, मालकापुढे चूक कबूल केली आणि तिच्या घरी गेलो. ती घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. सगळं सांगून मी हात जोडले. लाजेने मान वर होईना.

तिने विचारलं, "माजो डबो आदी लागलो असतो, तर थोरल्या वयनीचो गेलो असतो?"

मी होय म्हटलं.

"मगे झाला ता बरा झाला," ती म्हणाली. "ह्या वयात तिका चोर म्हटलेला सोसला नसता."