स्टासेने मोजलेले तास

आमच्या गावात डॉक्टर फक्त गुरुवारी येतो. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे नर्स स्टासे. एकतीस वर्षं तीच. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हाही ती नको तितके प्रश्न विचारायची आणि माझं डोकं फिरायचं.

माझा मुलगा मांत्वीदास तेवीस वर्षांचा, लाकडाच्या गिरणीत कामाला. सोमवारी त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दिवसभर मी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मंगळवारी त्याला बरं वाटलं, म्हणून गिरणीसाठी आजारपणाची चिठ्ठी घ्यायला आम्ही गेलो.

स्टासेने चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारत सुटली. "किती वेळा झाले? रक्त? ताप? कुठली गोळी घेतली होतीस?"

"पंधरा वेळा तरी, मावशी. नुसतं पाणी. रक्त नाही, ताप नाही, गोळी नाही. आता ठणठणीत आहे, चिठ्ठी द्या की."

"आदल्या रात्री काय खाल्लंस?"

"आईची हिरवी अळंबी. आठ वाजता."

"आणि पहिला जुलाब?"

"सकाळी सहाला."

तिने पेन खाली ठेवलं. "दहा तास. साधी अळंबी बाधली तर दोन-तीन तासांत कळतं. जीव घेणारी उशिरा बोलते, मग एक दिवस बरं वाटू देते आणि तेवढ्यात यकृत खाते."

मी भडकले. "माझ्या अळंबीला नावं ठेवतेस? चाळीस वर्षं मी जंगलात जाते."

"नावं नंतर ठेवीन. तू खाल्लीस?"

"पित्ताशयामुळे मला तळलेलं चालत नाही."

"नशीब तुझं. मी गाडी बोलावते. तू जाऊन उकिरडा उपस, देठ आण."

आम्ही हिरवी अळंबी वाळूतून मुळासकट उपटतो आणि देठ घरी कापतो. बटाट्याच्या सालींखाली एका देठाच्या बुडाशी पांढरी पिशवी दिसली; ती हिरव्या अळंबीला नसते, तशीच दिसणाऱ्या विषारीला असते. रविवारी जंगलात जाताना माझा चष्मा घरी राहिला होता. तो देठ पायाखाली चिरडला असता, तर कुणालाही कळलं नसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एप्रनआड न लपवता, उघड्या हातावर तो घेऊन मी गावातून चालत गेले.

स्टासे देठाकडे बघून एवढंच म्हणाली, "विल्नियसच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हा हवाच. कुणी खुडली ते लिहीत नाही."

"लिही," मी म्हणाले.

बारा दिवसांनी मांत्वीदास घरी आला, निम्मा होऊन, पण स्वतःच्या पायांनी. आता दुकानात कुणी विषय काढायच्या आत मीच सांगते: विष मी रांधलं, आणि माझ्या स्टासेने ते नुसत्या प्रश्नांनी पकडलं.